कप भरलेला ठेवायचा असतो

बाबा, मी वाइन प्यायले. एकदा चाखली असं नाही, सलग सहा दिवस प्यायले. घरात नवरा आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको, तो दोनदा सोबतही होता. पण मला भीती वाटते आहे हे त्याला सांगितलं तर तो हसेल, म्हणेल, अकरा वर्षं जपानात राहून आता कुठे बिघडलीस. त्याचा दोष नाही. तुम्ही हार्टने गेलात एवढंच त्याला माहीत आहे. लग्न ठरताना आईने तसं सांगितलं आणि मी शेजारी बसून मान हलवली. तुम्ही गेलात तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होतात. मी पुढच्या वर्षी होईन.

पुण्याला हॉस्टेलवर माझ्या खोलीत असायच्या त्या दोघी आठवडाभर आल्या होत्या. आता आम्ही फुनाबोरीला राहतो, घर लहान, पण त्या दाटीवाटीने राहिल्या आणि रोज बाहेर जेवायचं असं ठरवूनच आल्या होत्या. ठिकाणं शोधायचं काम माझ्याकडे. पहिल्याच रविवारी त्यांना यामानाशीला नेलं, द्राक्षाच्या गावाला. मुलीला पोहण्याचा क्लास होता, म्हणून ती आणि नवरा मागे राहिले. तिथे एका म्हाताऱ्या बाईंनी आम्हाला ओसरीवर बसवून भोपळा घातलेल्या जाड शेवयांचं गरम कालवण वाढलं आणि हातभर उंचीची बाटली आणली. त्या गावात वाइन चहाच्या बिनकानाच्या कपातून पितात. मी नेहमीसारखा चहा मागणार होते. ऑफिसच्या पार्ट्यांत गेली अकरा वर्षं मी ऊलाँग चहाच घेत आले, तिथल्या लोकांनी विचारणंही सोडलंय. पण मैत्रीण म्हणाली, अगं, द्राक्षंच तर आहेत, आणि बाईंनी तोवर ओतलीसुद्धा. मला वाटलं होतं कडू लागेल, घसा जळेल, मी तोंड वाकडं करीन आणि विषय संपेल. तसं काही झालं नाही. माझे खांदे खाली उतरले. ते इतकी वर्षं वर चढलेले होते हेच मला ठाऊक नव्हतं.

इथे आपला कप आपण भरायचा नसतो, समोरच्याने भरायचा. रिकामा दिसला की कुणीतरी ओततंच. नको असेल तर नाही म्हणत बसायचं नाही, कप भरलेला तसाच ठेवायचा. बाईंनी हे हसत हसत सांगितलं, मी त्याचं मराठी करून दोघींना सांगितलं. थोड्या वेळाने पाहते तर दोघींचे कप काठोकाठ भरलेले, आणि त्या द्राक्षाच्या मांडवाचे फोटो काढताहेत. माझा रिकामा होता. बाई ओतत होत्या, मी रिकामा करत होते, आणि ओतताना तोंड भरून माझं कौतुक करत होत्या. मैत्रिणींच्या काही लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

सोमवारी, मंगळवारी आम्ही तसंच जेवलो, हसलो, हॉस्टेलच्या मेसमधल्या आमटीची टिंगल केली. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू. बुधवारी दुपारी चार वाजता मीटिंगमध्ये मी घड्याळाकडे पाहिलं आणि मला कळलं की मी जेवणाची वाट पाहत नाहीये. त्या संध्याकाळी आम्ही ऑफिसजवळच्या एका छोट्या जागी गेलो. यामानाशीच्या वाइन्ससाठी ती नावाजलेली होती. दोघींमधली एक मांस-मासे काहीच खात नाही. तिने मेन्यू मला वाचून दाखवायला लावला, मग हळूच म्हणाली, "अगं, इथे मला फक्त टोफू आहे." मी माफी मागितली, गडबडीत झालं म्हणाले. गडबड कसली बाबा, आदल्या दिवशी अर्धा तास बसून मी जागा निवडली होती. खायला काय मिळतं ते पाहिलंच नव्हतं. ती बिचारी टोफू आणि लोणच्यावर जेवली आणि वर म्हणाली, छान आहे गं. घरी आल्यावर नवऱ्याने सहज विचारलं, किती ग्लास झाले. मी म्हणाले, दोन. पाच झाले होते. तो रागावणार नव्हता, त्याला मोजायचंही नव्हतं. खोटं बोलायचं काही कारणच नसताना ते किती सफाईने आलं.

मग मला तुमची कचेरी आठवली. मी आठवीत असेन. डबा विसरलात म्हणून आईने पाठवलं होतं. तुम्ही ड्रॉइंग बोर्डावर वाकलेले आहात, उजव्या हातात पेन, आणि डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं. रेघ मात्र सरळ येते आहे. तुम्ही मान वर करता, मला पाहता. "डबा ठेव आणि जा. इथे पुन्हा यायचं नाही." इतक्या कडक आवाजात तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हता. मी रडत घरी गेले, वाटलं आपलं काहीतरी चुकलं. गुरुवारी ऑफिसात मी कीबोर्डवरून हात उचलून समोर धरला. हलत नव्हता. तरी दिवसभरात चार-पाच वेळा धरून पाहिला. शेजारच्या सहकाऱ्याने विचारलं, हात दुखतोय का.

शुक्रवारी शेवटचं जेवण म्हणून नवरा आणि मुलगी दोघंही आले. साडेपाचलाच बसलो, सातला घरी. मी मुलीबरोबर जमिनीवर लोळले, उशांचं दुकान मांडलं, तिच्या शाळेतल्या बाईंची नक्कल केली. ती खिदळून खिदळून बेजार झाली. काल दुपारी मैत्रिणी गेल्या. संध्याकाळी मी भात लावत होते, मुलगी ओट्याशी येऊन उभी राहिली. आठ वर्षांची आहे, अर्धं मराठी बोलते, अर्धं जपानी, मला आईऐवजी ओकासान म्हणते. म्हणाली, "ओकासान, आज वाइन नाही?" मी म्हटलं, पाहुण्या गेल्या ना. ती म्हणाली, "मग तू पी ना. प्यायलीस की तू ओमोशिरोई असतेस." म्हणजे गमतीची. माझ्या हातातलं झाकण खाली पडलं.

बाबा, मी नऊ वर्षांची असताना तुम्ही एकदा तीन आठवडे दारू सोडली होती. आई खूश होती, रोज गोडाचं काहीतरी करायची. तुम्ही खिडकीशी बसून असायचात, कुणाशी एक अक्षर नाही. एरवी संध्याकाळी घेऊन आलात की कचेरीतल्या उरलेल्या कागदावर माझ्यासाठी घराचे नकाशे काढायचात, ही तुझी खोली, इथे झोपाळा, इथून डोंगर दिसेल. त्या तीन आठवड्यांत एकही नकाशा नाही. मग एका रविवारी आई बाजारात गेलेली पाहून मी तुमच्याजवळ आले आणि कानात म्हणाले, "बाबा, थोडी घ्या ना. मी आईला नाही सांगणार." तुम्ही उठलात. मग चपला घातल्यात. तुम्ही आधीच ठरवलेलं असेल, नऊ वर्षांच्या पोरीच्या शब्दाने कुणी उठत नाही, असं मी स्वतःला कितीदा सांगितलंय. आईला नाही सांगितलं. आजवर कुणालाच नाही.

आता रविवार आहे, बापलेक सायकली घेऊन नदीकाठी गेलेत. ती दोघं यायच्या आत हे कागद फाडून पुन्हा फाडून कचऱ्यात घालायचे आहेत. फक्त एक राहिलं. काल मुलीने म्हटलं तेव्हा मला तिला 'नाही' म्हणता आलं असतं, सोपं होतं, ती लगेच विसरून खेळायला गेली असती. मी झाकण उचललं, धुतलं, आणि म्हणाले, "बघू."