कावळ्यासमोर कबूल केलेलं पोहणं

माझे नणंदे, हौसे,

ओळखलंस का? की तिकडं गेल्यावर मलाही विसरलीस? चुलीवर दूध ठेवून शेजारी गप्पा मारायला जायचीस. एका पायात तुझी चप्पल नि दुसऱ्या पायात माझी घालून धसईचा सगळा बाजार फिरून यायचीस. म्हणून आधीच सांगते, मी यशोदा. तुझ्या भावाची बायको. तुझ्या करपलेल्या दुधाची भांडी जन्मभर घासली ती.

उद्या तुझं वर्षश्राद्ध. सगळा पाडा जेवायला येईल नि माझी गोष्ट ज्याला जशी जमेल तशी सांगेल. ती उलटीसुलटी होऊन तुझ्या कानावर जाण्याआधी माझ्या तोंडून कळावी, म्हणून आजच लिहवून घेतेय. मला अक्षर येत नाय, ते तुला ठाऊक. नात मनीषा लिहितेय. मी बोलते त्यातल्या शिव्या ती गाळते, तेवढ्या तू तुझ्या मनानं भर.

तुझ्या दहाव्याला काय तमाशा केलास गो! काळू नदीच्या काठावर पिंड ठेवला, वर झाडावर कावळे रांगेत बसलेले, नि एक खाली येईल तर शप्पत. मेलेल्याची काही इच्छा अडली की कावळा शिवत नाय, मग घरच्यांनी एकेक गोष्ट कबूल करायची. तुझ्या भावानं तुझी म्हैस सांभाळायचं कबूल केलं. कावळा ढिम्म. माझ्या लेकानं, सुरेशनं, तंबाखू सोडायचं कबूल केलं, तर कावळा उडून आणखी वरच्या फांदीवर गेला. त्यालाही सुरेश ठाऊक असणार. भटजी घड्याळ बघायला लागले. दर्भाचा कावळा करून शिवू म्हणाले.

तुझं काय अडलंय ते मला माहीत होतं. मी पदराआड पुटपुटले. तर तुझा भाऊ म्हणतो, "मोठ्यानं बोल. त्याला ऐकू नाय गेलं."

मग सगळ्यांसमोर बोलावं लागलं. "हौसे, वर्षाच्या आत मी पोहायला शिकते. आता तरी जेव."

तोंडातला शब्द संपला नाय तोच कावळा पिंडावर! सगळा पाडा माझ्याकडं बघतोय, नि मी कावळ्याकडं. दुसरं काही मागता आलं नसतं तुला? माझी नथ मागायचीस. मी नाय म्हटलं असतं नि विषय संपला असता.

तसा हट्ट तुझा जुनाच. मी नवी नवरी होते. भर पावसाळ्यात नदीवर धुणं धुताना माझा पाय सटकला, नि तू वेणी धरून मला काठावर ओढलंस. पुढं किती दिवस डोक्याला फणी लावता येत नव्हती. धापा टाकत तू म्हणाली होतीस, "पुढच्या खेपेला मी जवळ नसले तर?" मी हसून सोडून दिलं.

पण भीती खरी होती गो. पाण्यात साती आसरा राहतात, बायामाणसाचा पाय धरून खाली नेतात, असं आईनं मला दूध पीत होते तेव्हापासून सांगितलेलं. तू म्हणायचीस, मी रोज पोहते, मला कधी शिवल्या नाय, तुझ्याच पायात त्यांनी असं काय पाहिलंय? नवरा गेल्यावर तू माहेरी आलीस ती पाड्यातली सगळी पोरं विहिरीत ढकलून शिकवलीस. तू विहिरीकडं निघालीस की मी मात्र घरात निवडायला तांदूळ घ्यायची. निवडलेलेच.

चैत्रात मळ्यातल्या विहिरीचं पाणी उतरलं, तेव्हा सुरुवात केली. मास्तर कोण, तर तुझा भाऊ. स्वतः पायरीवर कोरडा बसून हुकूम सोडायचा. गोड्या तेलाचे दोन रिकामे कॅन त्यानं माझ्या कमरेला मागून बांधले. पाण्यात शिरले, तर ढुंगण वर नि तोंड खाली! मनीषा विचारतेय, हे लिहू का? लिही बाय. तुझ्या आत्याआजीनं ते पाहिलेलं आहे. लुगड्यात हवा भरली ती निराळीच, कढईतल्या वड्यासारखी फुगले. पाड्यातल्या बायांनी त्या दिवशी धुणं धुतलंच नाय.

पुढं कॅन वर काखेशी बांधून घेतले, जरा जमायला लागलं. नि एक दिवस गाठ सुटली. मधल्या खड्ड्यात पायाला तळ लागेना. नाकातोंडात पाणी गेलं. मोटारीच्या पाइपाला मिठी मारली तेव्हा वाचले. तुझा भाऊ टोपीसकट पाण्यात उतरला. मला पायरीवर बसवलं, नि ओली टोपी पिळत राहिला. म्हणाला, "पुरे झालं. मी कावळ्याला समजावीन."

मी म्हटलं, "कावळ्याला समजवाल. हौसाला कोण समजावणार?"

पण दुसऱ्या दिवशी पायरी सोडवेना. वर तुझा भाऊ आपला चालूच, हात असा कर, पाय तसा मार. तेव्हा तू पोरांवर ओरडायचीस ते आठवलं, मान सोडा रे, मान ताठ धरली की बुडाल. उताणी झाले, सोडली मान. कान पाण्यात गेले, नि काय सांगू हौसे, तुझ्या भावाचा आवाज बंद! पायरीवर तोंड हलतंय, हात हलतायत, नि मला एक अक्षर ऐकू येत नाय. लग्न झाल्यापासून एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. तशीच पडून राहिले. डोळ्यांपुढं विहिरीच्या तोंडाएवढं आभाळ. गुडघे दुखायचे थांबले. मी तरंगतेय हे मागाहून ध्यानात आलं.

हे तू आधी का नाय सांगितलंस? बुडशील, मरशील, शीक, असं घाबरवत राहिलीस. मी आधीच घाबरलेली होते! नवरा ऐकू येत नाय एवढं एक वाक्य बोलली असतीस, तर मी तुझ्याआधी उडी मारली असती.

आता विहीर काठोकाठ भरलीय. परवा कॅन सोडून पायरीपासून समोरच्या भिंतीपर्यंत गेले. एका दमात. भिंतीला हात लावून वळून पाहिलं तर बाया टाळ्या वाजवतायत, कौतुक करतायत. कुणी हसलं नाय. कुणी म्हटलं नाय की वहिनी, आपली म्हैस याहून बरी पोहते. मला ते ऐकायचं होतं गो. टाळ्यांचं काय करू?

कबूल केलेलं फिटलं, तरी आणखी एक कबूल करते, नि ह्या वेळी कावळा न बोलवता. सून सविता अजून विहिरीत वाकूनसुद्धा बघत नाय. येत्या चैत्रात तिला उतरवीन, मागोमाग मनीषाला. ढकलणार नाय. पायरीवर न बसता, पाण्यात उभी राहून शिकवीन.

तुझी वहिनी,
यशोदा (अंगठा)

अंगठा उठवल्यावर आठवलं. पोहून आलं की भूक मरणाची लागते, नि सविता विहिरीवर चहा नि दोन बिस्किटं पाठवते. वय झालं, हलकं खा म्हणते. जिवंत सासूचं ऐकत नाय, मेलेल्या आत्याबाईचं ऐकेल. तिच्या सपनात जा नि सांग, म्हातारीला नाचणीच्या दोन भाकरी, सुकटीची चटणी नि कांदा पाठव. कांदा फोडून नको, अख्खा.