झिपरी दारातच आहे

किन्हीराजा,
माघ महिना

प्रिय धरमसिंग,

झिपरी माझ्या दारात आहे. हे वाक्य कापसाच्या जीनमधल्या कारकुनाला दोनदा वाचायला सांग. आता, हे लिहितानाही, ती बैलगाडीच्या जुवाखाली पडून आहे आणि माशी बसली की डावा कान हलवते आहे. साहेबाच्या मोटारीत ती गेली नाही, नागपूरला गेली नाही, कुठेच गेली नाही. एवढं ऐकून घे, मग पाहिजे तेवढा रागाव.

काल लखीराम खामगावहून आईला पाहायला तांड्यावर आला, तो आधी माझ्याकडे आला. अंगणाबाहेर उभा राहून म्हणाला, "उकंडराव, धरमसिंगनं निरोप देला हाय. म्हणे, माहं आता त्या गावात काई राह्यलं नाई." मी खाली बसलो. तेवढ्यात झिपरी उठून त्याचा हात चाटायला गेली आणि तोच मटकन खाली बसला. मग कळलं की तुमच्या तांड्यातल्या सेवालालने वाशीमच्या प्रदर्शनात काय पाहिलं आणि तुला काय जाऊन सांगितलं. लखीराम परत आल्यावर तुला तोंडी सांगेलच, पण तो एकाचे चार करून सांगणारा माणूस, म्हणून मी स्वतः लिहायला बसलो. माझी तिसरीपर्यंतचीच शाळा. अक्षराला नाव ठेवू नको.

दिवाळीनंतर म्हाताऱ्यांना मागे ठेवून सगळा तांडा गाड्या घेऊन खामगावला निघाला आणि जीनच्या फाटकात कुत्री घेत नाहीत म्हणून तू झिपरीला माझ्या हाती दिलीस. त्या दिवसापासून मला झोप नाही. स्वतःचं जनावर मेलं तर माणूस रडतो आणि उठतो. दुसऱ्याचं मेलं तर तोंड कुठे दाखवायचं? मी तिला बांधून ठेवायचो, स्वतः शेतात फिरवून आणायचो. पण तिच्या बरगड्या दिसत. तुझ्याकडे असतानाही दिसत होत्या, ते मला ठाऊक आहे. तरी येणारा जाणारा पाहून म्हणेल, उकंड्यानं ठेवीचं कुत्रं उपाशी मारलं. म्हणून मी दुधात भाकर कुस्करून वर तूप घालायला लागलो. आमची तुळसा म्हणायची, "माह्या बायंतपणात एवढं तूप नोतं भेटलं मले."

त्यात पाटलांनी घात केला. वाशीमला गुरांचं प्रदर्शन भरणार होतं आणि यंदा शेजारीच अस्सल जातीच्या कुत्र्यांचंही. देशी कुत्र्यांत जे पहिलं येईल ते साहेब इनाम देऊन आपल्या नागपूरच्या पागेत नेणार, अशी दवंडी. आपले रामराव पाटील दारात येऊन म्हणाले, "तुझ्या घरी तांड्याचं अस्सल कुत्रं असताना गावाचं नाव मागं राहाते का? मी नाव लिवून आलो." मी म्हटलं, पाटील, कुत्रं माझं नाही. ते म्हणाले, "दारात तं तुह्याच हाय ना?"

हे तेच पाटील, आठवतं का, ज्यांनी एकदा तुझ्याकडे पिल्लू मागितलं होतं. तू हसून म्हणाला होतास, "पाटील, तांड्याचं कुत्रं मांगून भेटत नाई. मांगून नेलेलं घरी ठरत नाई, रात्रीतून वापस येते. देणाऱ्याच्या मनात आलं तं तो सोता आणून देते." मी तेव्हा शेजारीच उभा होतो. माझे केस काळे होते तेव्हा.

तर आता माझ्यापुढे दोन भुतं. झिपरी पहिली आली तर साहेब नेणार आणि तुझी ठेव जाणार. मागे पडली तर गाव मला खाणार. पण प्रदर्शनात जनावर न्यायचं म्हणजे सजवून न्यायचं, एवढंच मला येतं. पोळ्याला बैल सजवतो तशी मी तिला सजवली. अंगाला तेल चोपडलं, पाठीवर गेरूचे ठिपके दिले, गळ्यात बैलाची घुंगरमाळ बांधली, कपाळावर गोंडा लटकवला. तुळसा बघतच राहिली. म्हणाली, "शिंगं तेवढी राह्यली, तेई लावा." झिपरीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. अशी नजर तू मला एकदाच दिली होतीस, तुझ्या लेकीच्या लग्नात मी आहेर विसरून आलो तेव्हा.

धरमसिंग, तिथली कुत्री तू पाहायला हवी होतीस. एकाचं नाक आत दाबलेलं, जणू दारात सापडलं असावं. एक न कातरलेल्या मेंढीसारखं, पुढचं तोंड कोणतं ते चालायला लागल्यावर कळायचं. प्रत्येकाला वेगळा नोकर, वेगळी घोंगडी, आणि कागदावर बापाचं, आजाचं, पणजाचं नाव. एका कारकुनाने झिपरीकडे बोट करून मला दरडावलं, "बाप कोण?" मी घाबरून म्हणालो, "धरमसिंग." त्याने लिहूनही घेतलं.

पारख करायला एक मडम होती. तिने झिपरीच्या पाठीवरून हात फिरवला, तर पांढरा हातमोजा गेरूने लाल झाला. मग तिने बरगड्या चाचपल्या. बोटं इकडून तिकडे फिरली, बरगडी काही सापडेना. या जातीची बरगडी दिसली पाहिजे, पोट आत पाहिजे, असं कारकून सांगत होता आणि माझ्या झिपरीचं पोट तर गाभण गाईसारखं. मडम काहीतरी बोलली आणि सगळे साहेब हसले. कारकून म्हणाला, "बाबा, घेऊन जा हे वासरू." पाटलांनी तिथेच माझी ओळख सोडली.

पहिलं आलं ते रिसोडकडच्या तांड्यातल्या गुलाबसिंगचं कुत्रं. असंच लांब तोंडाचं, झिपरीच्याच रंगाचं. साहेबाच्या माणसाने त्याच्या गळ्यात साखळी घातली आणि मोटारीत चढवलं. ते काचेतून मागे पाहत राहिलं. गुलाबसिंगने तोंड फिरवलं आणि पागोट्याच्या शेवाने डोळे पुसले. मलाही राहवलं नाही, मीही रडलो. सेवालालने लांबून पाहिलं ते एवढंच, मोटारीत झिपरीसारखं कुत्रं आणि बाजूला रडणारा मी. झिपरी माझ्या पायांमागे उभी होती, ती त्याला गर्दीत दिसली नाही. त्याचा दोष नाही. परत येताना बैलगाडीत मी तिचा गोंडा सोडला, माळ सोडली आणि जनावर हरलं म्हणून देवाला हात जोडले. असा हात जोडणारा वाशीमात मी एकटाच असेन.

आता खरी गोष्ट. घरी आल्यावर मी तूप बंद केलं, तरी पोट वाढतच गेलं. मी धास्तावलो. पोटात गाठ झाली असं मनात आलं. तुळसाने एक हात लावला आणि म्हणाली, "गाठ कायची, डोये गेले काय तुमचे? गाभण हाय ते." मग दुसरी धास्ती. मी बांधून ठेवली असताना हे कोणाचं? गावातलं कोणतं भटकं? तुझ्या जातिवंत कुत्रीची कूस माझ्या घरी बिघडली तर? ती व्याली त्या सकाळपर्यंत मी गावातलं एकेक कुत्रं आठवत बसलो. पण पिल्लं पाहिली आणि जीव भांड्यात पडला. चारही पिल्लांचे पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, तुमच्या तांड्यातल्या हेमलाच्या कुत्र्यासारखे. म्हणजे ती तांड्यावरूनच घेऊन आली होती. तेव्हा या खेपेला लखीरामने एकाचे चार सांगितले तर खरं मान.

आता ती डोळे उघडून अंगणभर फिरतात. तीन आईजवळ झोपतात. चौथी, बारकी, कानावर आत्ताच लांब केस आलेली, ती माझ्या जोड्यात झोपते. मी तिला उचलून आईजवळ ठेवतो. सकाळी ती पुन्हा जोड्यात. पायात जोडा घालण्याआधी मी आता झटकत नाही, आधी वाकून पाहतो. तुळसा म्हणते, धरमसिंगला विचारा. मी म्हटलं, छे, असं विचारायचं नसतं. मी काही मागत नाही, धरमसिंग. मी फक्त कळवतो आहे, ती कुठे झोपते ते. जीनचा हंगाम संपला की लवकर ये.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून अनवाणी बसलेला,
तुझाच उकंडा