शेजारचा ब्रेक

प्रिय ठकू,

तुझा लांबलचक मेसेज मिळाला. मेसेज कसला, फर्मानच ते. महिनाअखेरीस तू येणार, घरची छोटी गाडी त्या गिऱ्हाइकाच्या ताब्यात देणार, आजीचं ड्रायव्हिंग स्कूल तिथे शिकवणाऱ्या अँब्युलन्सबाईंच्या गळ्यात घालणार, घराला कुलूप लावणार आणि मला उचलून तुझ्या मागच्या खोलीत नेऊन ठेवणार. पडद्यांचा रंगही ठरवून मोकळी झालीस. खाली एकच ओळ कारण म्हणून: "आजी होती तोवर ठीक होतं, आता तुला कोण नेणार-आणणार?" फोन करून उत्तर दिलं असतं, पण तू मला तिसऱ्या वाक्यालाच तोडतेस. म्हणून कागद घेऊन बसले आहे. कागदाला मधेच "अगं आई, पण" असं म्हणता येत नाही. शेवटपर्यंत वाच, मग काय भांडायचं ते भांड.

आईला जाऊन पाच महिने झाले. तुला तिची आठवण आजी म्हणून आहे, आणि ते बरोबरच आहे. तुझ्यासाठी ती लाडाची, खिशात कायम गोळ्या बाळगणारी बाई. मी जिच्याबरोबर वाढले ती जरा वेगळी होती. बाबा गेले तेव्हा मी सात वर्षांची. बाबा बेकरीची पावाची गाडी चालवायचे. बेकरीवाल्याने आठवडाभर वाट पाहिली आणि मग भीतभीत विचारलं की आता दुसरा माणूस बघू का. आई म्हणाली, "बघायचा कशाला, मी आहे की." तिला गाडी येत होती हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं, बाबांनी हौसेने शिकवली होती, रिकाम्या मैदानात. पाच वर्षं तिने पाव पोचवले. मग दारोदारच्या बायका विचारायला लागल्या, आम्हाला शिकवाल का? बायकांच्या मागून पुरुष आले, पण ते सकाळी शेजारी उठायच्या आत येऊन जायचे. बाईकडून शिकतोय हे कुणाला दिसलं तर अब्रू जाईल ना! त्यांच्यातले निम्मे पुढे आपापल्या मुलींना घेऊन भर दुपारी आले. गावभर तिचं नाव मास्तरीणबाई पडलं ते कायमचं.

तिची शिकवायची पद्धत तुला माहीत आहे, पण ती किती विचित्र होती ते बाहेरच्याला सांगताना कळतं. तिच्या गाडीत बसलं की पहिले चार दिवस शिकणाऱ्याने फक्त बोलायचं. जे दिसेल ते मोठ्याने. लाल सायकल. पिशवीवाल्या बाई, रस्त्याकडे पाठ. उभा टेम्पो, ड्रायव्हर आत आहे, दार उघडू शकतो. चेंडू आला, म्हणजे मागे पोर असणार. एखादा गप्प झाला की ती म्हणायची, "तोंड बंद म्हणजे डोळे बंद." त्यापायी आपलं अख्खं घर बडबडं झालं. तू चार वर्षांची असताना माझं बोट धरून चालताना सांगायचीस, समोर कुत्रा, झोपलाय, शेपूट रस्त्यात. शेवटच्या आठवड्यात हॉस्पिटलमध्येही तिचं हेच चालू होतं. नर्सबाईंच्या डाव्या बुटाची नाडी सुटलीय, पडतील. समोरच्या पलंगावरच्या आजोबांना भेटायला मुलगा आलाय, पण तो घड्याळाकडे बघतोय. मी म्हटलं, आई, आता जरा स्वस्थ पड. तर म्हणाली की स्वस्थच आहे, बघायला काही श्रम पडत नाहीत.

ती गेली त्या दिवशी तू आत माझ्याजवळ होतीस, म्हणून तुला बाहेरचं दिसलं नसेल. मला नंतर अँब्युलन्सबाईंनी सांगितलं. भेटायला आलेल्या लोकांच्या गाड्या आपल्या घरासमोरच्या चढावर खालपर्यंत उभ्या होत्या, आणि एकूण एक गाडी रिव्हर्समध्ये लावलेली, तोंड बाहेरच्या बाजूला, फुटपाथपासून वीतभर अंतरावर. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. तिथे वाकडी गाडी लावायची कुणाची छाती झाली असती?

आणखी एक गोष्ट होती तिच्या शिकवण्यात. स्कूलच्या गाडीला शेजारच्या सीटपाशीही एक ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी. आई बसल्याबरोबर चपला काढायची आणि दोन्ही पाय मागे ओढून सीटखाली दुमडून घ्यायची. वेळ आलीच तर पाय क्षणात पुढे यायचा, पण एरवी तो पेडलच्या आसपास दिसायचा नाही. म्हणायची, "माझा पाय तिथे दिसला की शिकणाऱ्याचा पाय आळशी होतो." लोक याचं फार कौतुक करायचे. मास्तरीणबाई आपल्यावर भरवसा टाकून निवांत बसतात, मग आपण घाबरायचं कशाला? घाबरट म्हणून दोन स्कूलनी परत पाठवलेली माणसं तिच्याकडे येऊन शिकून गेली.

आता तुला जे कधीच सांगितलं नाही ते सांगते. तू लहानपणी विचारायचीस, आई, आजी सगळ्यांना शिकवते, मग तुला का नाही येत? मी म्हणायचे, मला आवड नाही. थाप होती ती. मी एकोणीस वर्षांची असताना आईने मला शिकवायला सुरुवात केली, आणि मला ते झकास जमत होतं. तीन आठवडे झाले होते. बाजाराच्या चौकात मी मोठ्याने म्हणत होते, शिडी घेतलेला सायकलवाला, हात दाखवलेला नाही पण वळणार, मी थांबतेय. माझा पाय ब्रेकवर जातच होता, आणि गाडी धाडकन थांबली. आईने ब्रेक दाबला होता. मी खाली पाहिलं तर तिचा पाय दुमडलेला नव्हताच. चपलेसकट पेडलवर होता. मग माझ्या लक्षात आलं की तो तीन आठवडे तिथेच होता. शेजारच्या गल्लीतल्या परक्या माणसांवर भरवसा आणि पोटच्या पोरीवर नाही! मी दार उघडलं, गाडी तशीच भर चौकात सोडली आणि तरातरा चालत घरी आले. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. आई गाडी घेऊन माझ्याआधी घरी पोचली होती आणि चहा टाकत होती. मी म्हटलं, तुझा माझ्यावर विश्वास नाही. तिने कप माझ्यापुढे ठेवला. त्या दिवसापासून छत्तीस वर्षं आम्ही तो विषय काढला नाही. आणि त्या दिवसापासून मी तिच्या गाडीत कायम मागच्या सीटवर बसले. लोक चेष्टेने मला साहेबीण म्हणायचे, मास्तरीणबाईंना ड्रायव्हर करणारी साहेबीण. मीही हसायचे.

बरं, रुसून कुठे लांब गेले असते तर गोष्ट वेगळी. मी बसले तिच्याच स्कूलच्या ऑफिसात. फॉर्म भर, वेळा लाव, फोन घे. तीस वर्षं मी लोकांना फोनवर क्लच हळू सोडा म्हणून समजावलं. चढावर गाडी मागे येते? हँडब्रेक लावा, इंजिनचा आवाज बदलला की सोडा. माझा सल्ला ऐकून लोक पास व्हायचे, आणि मला स्वतःला गाडी सुरूसुद्धा करता येत नव्हती. आई समोरच्या टेबलावर बसून हे सगळं ऐकायची आणि पेन्सिलीला टोक करत बसायची. एकदाही म्हणाली नाही की चल, पुन्हा बसून बघ. मी मनात धरून बसले होते की तिने म्हणावं. हट्टाला आम्ही दोघी एकसारख्या, कुणी कुणाला हार जायची नाही.

तू अठरा वर्षांची झालीस तेव्हा आजीने तुला स्कूलच्या गाडीवर न शिकवता घरच्या छोट्या गाडीवर शिकवलं. ती आधी स्कूलचीच होती, त्यामुळे तिला शेजारचा ब्रेक होता. तू आजही सगळ्यांना ऐटीत सांगतेस की आजीने माझ्या वेळी एकदाही ब्रेक मारला नाही. तुला खरं सांगू, तुझ्या तोंडून ते ऐकलं की दर वेळी मी काहीतरी काम काढून तिथून उठायचे. तुझ्यावर भरवसा होता, माझ्यावर नव्हता, एवढंच मला त्यातून ऐकू यायचं. आईला स्वतःच्या मुलीचा हेवा वाटावा का? वाटला. आता लिहून टाकलं.

तीन महिन्यांपूर्वी तू पाठवलेलं गिऱ्हाईक गाडी बघायला आलं, तेव्हा त्याच्या समाधानासाठी आम्ही ती गॅरेजवाल्या काकांकडे नेली. गिऱ्हाइकाने सहज शेजारचं पेडल दाबून पाहिलं. पेडल खालपर्यंत गेलं आणि तसंच पडून राहिलं. तो म्हणाला, हे तर मेलेलं आहे. काका हसायला लागले. म्हणाले, त्याला मुख्य ब्रेकशी जोडणारा रॉड मीच काढलाय, अकरा वर्षं झाली. नात शिकायला बसणार होती त्याच्या आदल्या दिवशी मास्तरीणबाई गाडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या हे सोडवून टाक. काका म्हणाले, अहो बाई, नवशिकी पोर, निदान तिच्या वेळी तरी राहू दे. त्यावर आई काय म्हणाली ते त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. "पोरगी चालवेल नीट. भरवसा नाही तो माझ्या पायाचा. लेकीच्या वेळी मला तो आवरला नाही, आणि ती उतरून गेली ती गेलीच. मधे हँडब्रेक आहे, तेवढा पुरे."

ठकू, मी तिथे गॅरेजमध्ये एका जुन्या टायरवर बसले आणि रडले. चांगली हुंदके देऊन, गिऱ्हाइकासमोर. ते बिचारं पाणी आणायला पळालं. छत्तीस वर्षं मी समजत होते की मला येत नव्हतं असं तिला वाटलं. तिला वाटलं होतं ते एवढंच, की मला काही झालं तर? बाबा गेल्यावर तिच्याजवळ मी एकटीच उरले होते, आणि परक्यांच्या वेळी शहाणा असलेला तिचा पाय माझ्या वेळी ऐकत नव्हता. हे तिला कळत होतं. रॉड काढण्याइतकं नीट कळत होतं. मग मला सांगितलं का नाही, म्हणून घरी येऊन तिच्या फोटोवर रागावलेसुद्धा. त्यानंतर अकरा वर्षं आम्ही एका टेबलावर जेवलो. पण विचारलं तर मीही नाही. तिला जेवढं जमलं तेवढं तिने केलं. माझ्याने तेवढंही झालं नाही. याचं मला फार वाईट वाटतं आणि ते वाटत राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अँब्युलन्सबाईंना म्हटलं, मला शिकवा. तुला त्या आवडतात, पण तू त्यांना शिकवताना पाहिलेलं नाहीस. आईचीच विद्यार्थीण, सव्वीस वर्षं अँब्युलन्स चालवून निवृत्त झालेल्या, चार वर्षांपासून आईच्या जागी शिकवतात. कशालाही दचकत नाहीत. स्कूलची गाडी नको म्हटलं, छोटी गाडीच घेतली. काकांनी रॉड परत बसवायची तयारी दाखवली आणि बाई हो म्हणणार होत्या. मी नाही म्हटलं. पहिल्या दिवशी गाडी बंद पडली सात वेळा. आठव्या वेळी आपला चढ चढली. मी पंचावन्नाव्या वर्षी भर रस्त्यात ओरडत होते, हिरवं फाटक, मांजर, दूधवाला, हा बघा वळतोय! लोक खिडक्यांतून बघत होते. पहिल्या परीक्षेत नापास झाले, कारण सवयीने मी दिसेल ते सगळं बोलत होते आणि त्या ओघात "परीक्षक साहेब जांभई देतायत" हेही बोलून गेले. त्यांनी कारण दुसरं लिहिलं, चौकात फार वेळ थांबल्या असं, आणि ते खरंही होतं. मी सगळ्यांनाच आधी जाऊ देत होते.

आता हे पत्र का लिहिलं ते. गेल्या मंगळवारी मी दुसऱ्यांदा परीक्षा दिली आणि पास झाले. तू विचारलं होतंस ना, कोण नेणार-आणणार? मी. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवलं आहे, घराला कुलूप लागणार नाही, आणि सोमवारपासून चार नवे विद्यार्थी येतायत, त्यांचे फॉर्म माझ्याच हातचे. तू रागावशील, पण आधी ऐक. तू जे ठरवलंस ते काळजीपोटी, हे मला कळतं. एकोणिसाव्या वर्षी ते कळलं नव्हतं, म्हणून मी आईला भर चौकात टाकून निघून गेले. तुझ्याशी मी तसं करणार नाही. अबोला धरणार नाही, तूही धरू नकोस. तुला भीती वाटली तर भीती वाटते असं मला तोंडावर सांग, मी ऐकेन. पण माझ्या वतीने ब्रेक दाबू नकोस. शनिवारी सकाळी आठला निघते. अँब्युलन्सबाईंना बरोबर नेणार नाही, पूर्ण रस्ता एकटी. मधे दोनदा थांबेन आणि दोन्ही वेळा तुला फोन करेन. बाराच्या सुमारास खाली येऊन उभी राहा. मागची खोली आवरून ठेव, एका रात्रीपुरती. रविवारी संध्याकाळच्या आत मला परत घरी पोचायचं आहे, अंधारात चालवायला मी अजून शिकलेली नाही.

तुझीच, आणि राहत्या घरातूनच,
आई