दलिचंदभाऊंचा काटा आणि माझी माडी

जळगाव, चैत्र वद्य पंचमी, १९६७

हिलालभाऊ, तुझ्या पायावर डोकं ठेवते. (पाय पारोळ्याला, म्हणून कागदावरच ठेवते.) गुडघा कसा आहे? वहिनीला म्हणावं, नुसती बोलू नको, तेलही लाव.

इकडे मी बरी आहे, माडी तेवढी बरी नाही. हे गेल्यावरही मी त्याच वरच्या खोलीत राहते, अन् खाली घरमालक दलिचंदभाऊंची सराफी, हे तुला ठाऊकच आहे. आता आखाजीची अक्षय तीज आली जवळ. गल्लीतल्या बाया दुपारी माझ्याकडे गौराईची गाणी म्हणतात, फुगड्या खेळतात. (मी मधोमध बसून गाणी सांगते. मी बसले की जमीन जरा कमी हालते. माझ्या वजनाचा उपयोग झाला एकदाचा.) पण चौघी एका ठेक्यात फिरल्या की फळ्या थरारतात अन् खाली काचेच्या पेटीतला सोनं तोलायचा काटा नाचायला लागतो. गिऱ्हाईक म्हणतं, शेट, लबाडी करता का? मग ते बिचारे जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरून ओरडतात (एकट्या बाईच्या खोलीत कसं यावं, ही त्यांची लाज), "रुख्माबाई, हळू चाला!" मी म्हणते, "भाऊ, मी तर निजलेली आहे." शेजारची ताईबाई तोंडात पदर कोंबून म्हणते, "बठ्ठं घर हालस वं माय!" परवा त्यांनी सांगूनच टाकलं, आखाजीपर्यंत जमीन गप करा, नाहीतर खोली सोडा.

खोली कशी सोडू, भाऊ? बाया गेल्या की मी फळ्यांवर आडवी होते. जिना कुणी चढलं की पाठीखालून बारीक लाट जाते, तापीच्या नावेत निजल्यासारखं वाटतं. डोळा लागतो न लागतो तोच हे कचेरीतून येतात. चपला काढतात, तीन पावलं चालतात, मग खुंटीपाशी एक. ही चार पावलं दुसऱ्या कुठल्या जमिनीला ठाऊक आहेत?

पोराबाळांच्या गालावरून हात फिरव.

तुझी गुणाची बहीण (असं तूच एकदा म्हणाला होतास),
रुख्मा

ता.क. तुझ्या लाकडाच्या वखारीतून सागाचा एक खांब घेऊन लवकर ये. मधल्या तुळईखाली लावायचा. दलिचंदभाऊ कबूल आहेत. पाचर मात्र सैल करता येईल अशी ठोक: दुकान उघडं तोवर घट्ट, कुलूप लागलं की ढिली. माझी लाट पार बंद करू नको.

आणखी एक. खांब जाड आण, अन् हे वाचून कागद चुलीत घाल. आमच्यात सगळ्यात जबरी फुगडी राजकुंवरची, म्हणजे दलिचंदभाऊंच्याच बायकोची. ते समजतात, ती जैन स्थानकात प्रवचनाला गेली. ती येते मागच्या जिन्यानं. खालून नवरा ओरडला की आणखी जोरात फिरते.