तळपायानं ऐकायची गाणी

पुनावळे,
दसऱ्यानंतरचा गुरुवार

चांदभाई,

तुला उद्धवचा नमस्कार, सलाम आणि पाठीत एक धपका. आमच्या घरच्या मालकिणीचा, सुमनचा, निरोप असा की 'भाईंना सांगा, मी त्यांच्याशी बोलत नाहीये.' तो सांगितला. (ईदला तू इकडे आला नाहीस म्हणून. अलमासनं पाठवलेल्या शेवया मात्र तिनं सगळ्यांच्या आधी करून खाल्ल्या. राग वेगळा आणि शेवया वेगळ्या.) तब्येत कशी आहे असं मी तुला विचारणार नाही. त्यावर 'अल्लाचं करम आहे' हे एकच उत्तर तुझ्याकडे आहे. चाकणच्या कारखान्यात पायावर पत्रा ठोकायच्या प्रेसची लोखंडी डाय पडली तेव्हा स्ट्रेचरवर आडवा पडूनही तू तेच म्हणाला होतास. म्हणून मी परस्पर तुझ्या लेकीलाच विचारलं आणि तिनं सगळं सांगितलं. आता तिच्यावर चिडू नकोस, मी खोदून खोदून विचारलं.

फोन करायचा सोडून पत्र लिहितोय, कारण आपल्या फोनमध्ये आता काही राम उरला नाही. मागच्या खेपेला मी तुझ्या गुडघ्याचं विचारलं, तू उदगीरच्या पाण्याच्या टँकरचं सांगितलंस, मग मी कसलं तरी उत्तर दिलं, आणि शेवटी दोघंही मोठ्या समाधानानं 'चल, ठेवतो' म्हणालो. पत्राचं बरं असतं. त्याला ओरडावं लागत नाही.

तर अलमास म्हणाली, अब्बा मागच्या खोलीतून बाहेरच येत नाहीत. ताटसुद्धा आत मागवतात. आणि पुढच्या महिन्यात आलियाचा निकाह आहे, तर म्हणतात, मी हॉलमध्ये येणार नाही, खोलीतूनच दुआ देईन. हे सांगताना ती रडली, चांदभाई. कारणही तिनं सांगितलं. कुठल्याशा बैठकीत लोक कुणाच्या तरी मयताची हकीकत सांगत होते, तुला वाटलं विनोद चाललाय, आणि तू मोठ्यानं हसलास. अरे, मग काय झालं? आपल्या शॉपमधला भिवा मोठ्या साहेबांच्या निरोप समारंभात झोपेतून दचकून उठायचा आणि भलत्याच ठिकाणी टाळ्या वाजवायचा. तो काय आयुष्यभर तोंड लपवून बसला? उलट त्याला पुढच्या समारंभाला पहिल्या रांगेत बसवायला लागले. पण तुझी गोष्ट वेगळी आहे, हे मला कळतं. ज्या नातीला तू बोट धरून चालायला शिकवलंस, तिच्या निकाहात तू नसलास तर ते तिलाही आयुष्यभर टोचेल आणि तुलाही. मला तर आत्तापासूनच टोचतंय.

आता मुद्द्यावर येतो. मला गाणी सापडली आहेत. हस, खुशाल हस. गणपतीच्या आरतीतसुद्धा ज्याच्या टाळ्या चुकतात तो उद्धव तुला गाण्यांबद्दल लिहितोय, हे मलाही विचित्रच वाटतंय. ही सगळी आमच्या विजयश्रीची करणी. (पिंपळे गुरवच्या जत्रेत तुझ्या खांद्यावर बसून जिनं तुझ्या टोपीत भेळ सांडली, तीच.) ती आठवडाभर वाकडला आयटीत असते आणि सुट्टीच्या दिवशी लॅपटॉपवर संगीत बनवते. पेटी नाही, तबला नाही, गाणारं माणूस तर नाहीच. इलेक्ट्रॉनिक म्हणतात त्याला. त्याला गाणं म्हटलं की ती मला दुरुस्त करते, ट्रॅक म्हणायचं असतं. तिनं बनवलेला एक ट्रॅक ती सुट्टीत दिवसभर लावायची. त्यात मागून सारखी खरखर, आणि ठोका लंगडणारा. धप, धप, आणि तिसरा धप जरा उशिरा, शिफ्टला रोज उशिरा येणाऱ्यासारखा. आता माझा जन्म मेंटेनन्समध्ये गेला, मला राहवतंय का? ती ऑफिसला गेल्यावर मी स्पीकर उघडला. आत कुठेच काही बिघडलेलं सापडलं नाही, त्यामुळे माझा संशय जास्तच बळावला. सगळं पुसलं, आवळलं, परत बसवलं. (दोन स्क्रू उरले. ते खिशात टाकले.) संध्याकाळी ती आली, तिनं ट्रॅक लावला, आणि खरखर जशीच्या तशी. मी गुन्हा कबूल केल्यावर ती पोट धरून हसली. म्हणाली, "बाबा, ती खरखर मी मुद्दाम घातलीये. जुन्या तबकडीची आहे. सगळं गुळगुळीत असलं ना, की कान घसरून जातो." आणि ठोका का लंगडतो विचारलं तर म्हणाली, माणूस वाजवतोय असं वाटावं म्हणून. आपण अख्खी हयात मशीनचा ठोका माणसासारखा चुकू नये म्हणून राबलो आणि ही पोरगी नेमकं उलटं करतेय.

मग आली खंडेनवमी. आपल्या शॉपमधली आठवते ना? मशीन लख्ख पुसायची, झेंडूचा हार, नारळ, आणि तू तुझ्या प्रेसच्या पाठीवर थाप मारून म्हणायचास, "आज हिला रजा, उद्धव, आपल्याला मिळो न मिळो." तर सुमनच्या मनात आलं की लेकीच्या हत्यारांचीही पूजा व्हायला हवी. विजयश्रीचं एक पाटीएवढं बटणांचं यंत्र आहे, त्याला मिक्सर म्हणतात. सुमननं चटणीचा मिक्सर त्याच्या शेजारी मांडला आणि दोघांना एकाच हारात घेतलं. कोरडं हळद-कुंकू टिकत नाही, म्हणून ते पाण्यात कालवलं आणि एकेका बटणाला बोटानं लावलं, अगदी भक्तिभावानं. ते रात्रीत वाळून सिमेंट झालं. (मी शेजारीच उभा राहून घंटा वाजवत होतो, त्यामुळे मला बोलायला तोंड नाही.)

दुसऱ्या दिवशी दसरा. सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी सोनं वाटायचा कार्यक्रम, आणि विजयश्रीला पहिल्यांदाच चार लोकांसमोर वाजवायला मिळणार होतं. बिचारीनं नवा ड्रेस घातलेला. तिनं सुरुवात केली आणि खालच्या जाड आवाजाचं बटण, म्हणजे बेसचं, हलेना. तिनं जोर लावला. ते 'टक' करून एकदम शेवटाला गेलं आणि तिथंच चिकटलं. चांदभाई, काय सांगू. खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या. आपट्याची पानं टेबलावरून आपली आपण चालत निघाली. अध्यक्ष दादासाहेब (इथल्या जुन्या गाववाल्यांपैकी, आवाज खणखणीत) कानांवर हात ठेवून ओरडत होते, "आवं बंद करा की, भिंती पडत्याल!" बाया पोरं घेऊन बाहेर पळाल्या. प्रसादाचं ताट घेऊन सुमनही त्यांच्यामागे, कारण प्रसाद वाटायचा राहिला होता. आणि मी? मी एकटा प्लास्टिकच्या खुर्चीवर, चपला काढून, बसून राहिलो. मला आवाज अगदी बेताचा वाटत होता.

तो ठोका फरशीतून तळपायात आला, तिथून गुडघ्यात, मग छातीत. आणि मला तू दिसलास. प्रेसवर उभा, ओठ हलतायत. इतकी वर्षं तू शेजारच्या लाइनवर गात होतास आणि त्या धडधडाटात तुझं गाणं मला एकदाही ऐकू आलं नाही, नुसतं दिसायचं. तरी तू कुठल्या ओळीवर आहेस ते मला कळायचं. समेवर तू मान झुकवायचास आणि नेमका तेव्हाच प्रेसचा ठोका पडायचा. कानानं न ऐकताही मी तुझं गाणं ऐकलंय, राव, आणि ते मला फार आवडायचं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. मला तिथंच रडू आलं. विजयश्रीला वाटलं तिच्या फजितीमुळे. तिनं येऊन मला मिठी मारली आणि तीही रडली. मी तिचा गैरसमज दूर केला नाही, मिठी बऱ्याच दिवसांनी मिळाली होती.

घरी आल्यावर तिला तुझ्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, कारखान्याच्या आवाजानं कान गेले की आधी बारीक आवाज जातात, पाखरं, बासरी, बायकांचं बोलणं. जाड आवाज बहुतेक वेळा शेवटपर्यंत सोबत राहतात. (म्हणजे अलमास पुटपुटते ही तुझी तक्रार खोटी आहे. ती चांगली स्वच्छ बोलते.) मग तिनं खास तुझ्यासाठी ट्रॅक निवडले, बारीक आवाज काढून टाकून नुसते जाड ठेवलेले, आणि ते मी उघडलेल्या त्याच स्पीकरमध्ये भरले; तो या पार्सलमध्ये आहे. मोबाइलवर ऐकू नकोस, त्यात हे संगीत डासासारखं गुणगुणतं. स्पीकर लाकडी पलंगावर ठेव, त्याच पलंगावर बस, पाय अनवाणी, तळहात फळीवर.

पहिल्या ट्रॅकमध्ये बराच वेळ काहीच होत नाही. धीर धर. खालून नुसतं एक घुमणं येतं आणि हळूहळू वाढत जातं. वीज गेलेल्या शॉपमध्ये लाइट परत आली की मोठी मोटर कशी वेग घ्यायची, तसं. मग ठोका पडतो तेव्हा आपली कंबर आपोआप सरळ होते. लंगडा ट्रॅकही आहे, त्यावर हसायला मनाई नाही. पण माझा लाडका म्हणजे शेवटचा. त्यात ऐन रंगात सगळं एकदम थांबतं. जेवणाच्या सुट्टीला सगळ्या प्रेस बंद पडल्यावर अंगात जी शांतता यायची, ती. तू डबा उघडून माझ्याकडे बघायचास, ती. आणि मग ठोका परत येतो, आणि माणूस एकटा नाही असं वाटतं. मला संगीतातलं इतकंच कळलंय.

निकाहाच्या आदल्या दिवशी तुमच्या घरी बाया ढोलक घेऊन बसतील. तू ढोलकाजवळ पलंग टाकून बस. मी येणारच आहे, तुझ्या शेजारीच बसेन. तू चुकीच्या जागी हसलास तर मीही हसेन. लोकांना वाटेल, या दोन म्हाताऱ्यांचं आपलं काहीतरी चाललंय.

अलमासला आशीर्वाद, आलियाला पोटभर प्रेम.

तुझा,
उद्धव

ता. क. स्पीकरमधून खरखर आली तर ती कला समज. खडखड आली तर ती मी उरवलेल्या दोन स्क्रूंची आहे. ते पार्सलच्या खोक्याला आतून चिकटपट्टीनं लावलेत, अलमासकडून बसवून घे.

ता. क. दुसरा. सुमननं पत्र वाचलं आणि म्हणाली, 'खरं ते लिहिलंच नाहीत.' म्हणून लिहितो. सगळे पळाले आणि मला आवाज बेताचा वाटला, हे ऐकून विजयश्रीला शंका आली होती. परवा तिनं हात धरून मला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. एका काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं, आवाज आला की दाबा म्हणाले. थोडे आवाज आले, ते दाबले. मग मी वाट बघत बसलो. बराच वेळ बसलो. मला वाटलं, त्यांचं मशीन बिघडलं. दार उघडून बाहेर आलो तर विजयश्री तोंड फिरवून उभी होती. तपासणी संपली होती.

ता. क. शेवटचा. आता माझ्याही टेबलावर कानाच्या मशीनची डबी आहे. तू तुझी कपाटात टाकलीस म्हणून मी तुला किती लेक्चरं दिली, आणि माझी मला उघडवत नाही. भीती वाटते, चांदभाई. लेक बोलते आणि मी नुसती मान हलवतो. एकट्यानं होणार नाही हे माझ्याच्यानं. तेव्हा तुझी डबी शोधून ठेव. मी आलो की माझं मशीन तू माझ्या कानात घाल, तुझं मी तुझ्या कानात घालतो. मग आलियाला समोर बसवू आणि म्हणू, बोल पोरी, तुला वाटेल ते बोल, पण हळू आवाजात.