बाबांच्या घड्याळाचा मोर

मलकापूर, रविवार, संध्याकाळ

किळस येते नुसती. बाबा गेले तरी त्यांचं खिशातलं घड्याळ त्या जुन्या पितळी मोराच्या चोचीतल्या आकड्यालाच टांगलेलं असायचं. आज ताईच्या नवऱ्यानं ते काढून बाजूला ठेवलं आणि आकड्याला तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी अडकवली! वर चुन्याची बोटं पिसाऱ्याला पुसली. जावई म्हणून काहीही?

निघताना म्हणे, "हा मोर मले लय आवडला. नेऊ काय?"

"न्या ना," आई म्हणाली.

मी तिला आत ओढलं. "काऊन देऊन राह्यली तू?"

"जवायाले नाही कसं म्हनू?"

पुसायला तिनं फडकं घेतलं. त्या आकड्याकडे पाहिलं. फडकं ठेवून दिलं आणि मोर तसाच बरबटलेला पिशवीत घातला.

घड्याळ? ते तिनं केव्हाच कमरेला खोचलं होतं.