सूर्यात टाकायचा कचरा

३ मार्च
सरांचा प्रस्ताव आमच्याच समितीपुढे आलाय! अणुभट्ट्यांतला कचरा रॉकेटने नेऊन सूर्यात टाकायचा. बाकीचे लगेच अंग काढून मोकळे – "तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी, तुम्हीच बोला." विंचवाच्या बिळात हात माझा!

५ मार्च
काकूंचा, सरांच्या बायकोचा, फोन. "जरा सांभाळून घे गं. रिटायर झाल्यापासून ह्या एकाच गोष्टीवर जगताहेत." हो हो म्हटलं. फोन ठेवल्यावर चिडचिड झाली. मला काय दया दाखवायला नेमलंय?

८ मार्च
प्रस्ताव वाचला. किती भाबडा! पृथ्वी ज्या वेगाने पळते तो वेग मारल्याशिवाय सूर्यात काही पडत नाही. त्यापेक्षा सूर्यमालेबाहेर भिरकावणं सोपं. हे मला सरांनीच शिकवलं. विसरले? की म्हातारपणी सोयीचं तेवढंच आठवतं?

१२ मार्च
सुनावणी झाली. सर नवा शर्ट घालून आलेले. कॉलरखाली दुकानातला पुठ्ठा तसाच.

"रॉकेट चढताना फुटलं तर?"

"डबा भक्कम असेल."

"असेल, की आहे?"

सरांनी पान उलटलं.

"इतका कचरा न्यायला शेकडो उड्डाणं लागतील, सर. त्यातलं एखादं कोसळणारच. कुणाच्या डोक्यावर?"

तिथे थांबता आलं असतं. नाही थांबले. म्हटलं, "हे पहिल्या वर्षाच्या पोराने लिहिलं असतं तर तुम्ही त्याला वर्गाबाहेर काढलं असतंत."

खसखस पिकली. मीही हसले. मजा आली – इथे तरी खोटं कशाला लिहू!

नंतर सर जिन्यात भेटले, कठडा धरून उभे. म्हणाले, "मुद्दे बरोबर होते तुझे. ते शेवटचं तेवढं नको होतं." मी पर्समध्ये किल्ली शोधत राहिले. किल्ली हातातच होती.

१३ मार्च
निकाल – अव्यवहार्य. खोल खडकात पुरणंच बरं.

२० मार्च
रिटायर झाल्यावर मिळालेलं सल्लागारपदही सरांनी सोडलं. काकू बाजारात दिसल्या, तोंड फिरवून गेल्या. बरंच झालं. बोलणार काय होते मी?

२ एप्रिल
मोठ्या साहेबांनी बोलावलं. "पुरायचं म्हटलं की गावंच्या गावं रस्त्यावर उतरतात. रॉकेट म्हटलं की टाळ्या! आपण रॉकेट करतोय."

"पण साहेब, फुटलं तर..."

"ते तुम्ही बघायचं. प्रमुख तुम्ही."

प्रमुख म्हणून तोंडून कसंबसं सरांचं नाव निघालं. साहेब खळखळून हसले. "भर सभेत तुम्हीच ज्यांचं हसं केलंत, त्यांना?"

३ एप्रिल
होकार कळवला. नवी केबिन प्रशस्त आहे.